उचललेला मिस कॉल

सैन्यातले निवृत्त हवालदार लालासाहेब यांचा फोन म्हशीच्या पाण्याच्या हौदात पडला आणि पुन्हा चालू झाला नाही. तो तांदळात ठेवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला, शेवटी पलूसला दुकानात नेला. दुकानदाराने फोन उघडला, आतून शेवाळाची एक काडी काढून दाखवली आणि फोन पुन्हा मिटून त्यांच्या हातात दिला.

फोन बटणांचा होता. दोनचं बटण दाबून धरलं की नदीवरची मोटर आणि तीनचं दाबून धरलं की बायको, बनुबाई. यापलीकडे हवालदारांची फोनकडून काही अपेक्षा नव्हती.

मोटर नदीकाठी होती, घर गावात आणि ऊस दोन्हींच्या मधे. मोटरच्या पेटीत एक सिमकार्ड बसवलेलं होतं. ठरलेल्या नंबरवरून फोन आला की पेटी तो कापायची आणि मोटर चालू करायची. पुन्हा आला की बंद करायची. त्या भागात बऱ्याच मोटरी अशाच चालतात. पेटी बसवताना वायरमनने विचारलं होतं, "काकूंचाबी नंबर टाकू का?"

"नको," हवालदार म्हणाले होते. "हुकूम एकाच तोंडातनं गेला पायजे. दोघं द्यायला लागली की घोटाळा."

बनुबाई तेव्हा चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

हवालदारांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रानात पाणी पाजायला बनुबाईच जायच्या. एक सरी भरली की खोऱ्याने मातीचा बांध फोडायचा आणि पाणी पुढच्या सरीत सोडायचं. मोटर मात्र घरी बसून हवालदार चालवायचे. दोघांमधला कारभार मिस कॉलवर चाले. बनुबाईंचा एक मिस कॉल म्हणजे मोटर चालू करा, लागोपाठ दोन म्हणजे बंद करा. फोन उचलायचा नाही. उचलला तर त्याचा अर्थ वेगळा होता. बनुबाईंचे थोरले दीर गेले त्या दिवशी हवालदारांनी बनुबाईंचा मिस कॉल उचलला होता. ऑपरेशननंतर अंगणात पाय घसरून ते पडले त्या दिवशीही उचलला होता. त्या घरात उचललेला फोन म्हणजे वाईट बातमी, आणि हे दोघांनाही कधी एकमेकांना सांगावं लागलं नव्हतं.

हौदातला फोन गेल्यावर मुलगा धैर्यशील कराडहून नवा घेऊन आला. तो तिथे एका कंपनीत नोकरीला होता. फोन काळा, रुंद आणि आरशासारखा गुळगुळीत होता. हवालदारांनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

"बटनं कुठायत?"

"बटणं नसतात तात्या. बोट लावायचं."

हवालदारांनी बोट लावलं. काही झालं नाही. पुन्हा लावलं. वर्षानुवर्षं उसाच्या पाल्यात काम करून आणि तंबाखूला चुना लावून त्यांच्या बोटांचं कातडं चामड्यासारखं झालं होतं. फोनला ते बोट आहे हेच कळत नव्हतं.

"दाबू नका. हळूच टेकवा."

"टेकवलं की."

"आता सरकवा. फोन आला की हे हिरवं असं वर सरकवायचं."

हवालदारांनी सरकवलं. फोन बंद करू का, असं फोनने विचारलं. दुसऱ्या खेपेला बॅटरी लागली आणि ती विझवताना फोनची भाषा बदलली. धैर्यशीलने ती परत मराठी केली. अंगठ्याच्या ठशाने फोन उघडायची सोय करून पाहिली, पण अंगठ्यावर ठसाच उरला नव्हता. तेव्हा त्याने कुलूपच काढून टाकलं, पहिल्याच पडद्यावर मोटरचा फोटो लावला आणि त्याला बोट लागलं की मोटरच्या पेटीला फोन जाईल अशी व्यवस्था केली.

"हितं बोट लागलं की मोटर. बास."

"आनी लागलं न्हाई तर?"

"लागेल तात्या. सवय होईल."

राहिला प्रश्न आलेला फोन घ्यायचा. त्यावरही धैर्यशीलने तोड काढली. "आता तुम्हाला काही करायचंच नाही. फोन वाजला की थोड्या वेळात आपोआप उचलला जाईल. तुम्ही नुसतं कानाला लावायचं."

आपोआप हा शब्द हवालदारांना आवडला. त्यांनी मान हलवली.

"पर मी उचलतच न्हाई," ते थोड्या वेळाने म्हणाले. "आमचं मिस कॉलवर असतंय."

"मिस कॉल कोण देतं आता? कॉल फुकट आहेत."

"फुकट हाय म्हनून काय उगंच बोलत बसायचं?"

"बोला की. आईशी बोला."

स्वयंपाकघरातून बनुबाई म्हणाल्या, "माझ्याशी काय बोलायचंय त्यास्नी? हितंच तर असते मी."

तिघेही हसले आणि विषय तिथेच राहिला. धैर्यशील संध्याकाळच्या गाडीने कराडला गेला.

पुढचे काही दिवस फोनने हवालदारांचा जीव नकोसा केला. खिशात ठेवला की तो आपला आपण कुणाला तरी लागायचा. सकाळी न विचारता कुठल्या तरी शहरातलं हवामान सांगायचा. जेवताना वाजला, आपोआप उचलला गेला आणि एक बाई त्यांना फ्लॅट घ्यायचा आग्रह करू लागली. फोन कसा कापायचा ते साधेना, म्हणून हवालदारांनी तो उशीखाली घातला आणि जेवण संपवलं. बाई उशीखाली बराच वेळ बोलत होती.

"हे रेडिओवानी हाय," ते आकारामला म्हणाले. आकाराम शेजारी राहायचा. "फरक एवढाच, रेडिओ बंद करता यायचा."

"शिका की हवालदार. माझी नात शिकली."

"तुज्या नातीनं चुना मळला न्हाई."

त्या वर्षी उसाच्या रानाला लागून बनुबाईंची हळद होती. तो तुकडा त्यांनी भांडून मागून घेतला होता. "उसात काय वाईट हाय?" असं हवालदारांनी लागणीपासून काढणीपर्यंत विचारलं होतं. हळद चांगली आली. बनुबाईंनी ती शिजवून रानाच्या खालच्या अंगाला, चोपून घट्ट केलेल्या जमिनीवर वाळत घातली. रोज सकाळी त्या पायांनी ती उलथत आणि एखादं कुडं, म्हणजे हळकुंड, मोडून आतला रंग बघत. सांगलीच्या मार्केट यार्डात लिलावाचा सौदा निघेल तेव्हा आपल्या ढिगापाशी आपण स्वतः उभं राहायचं, हे त्यांनी ठरवून ठेवलं होतं. एवढी वर्षं ऊस कारखान्याला गेला, तो हवालदारांच्या नावाने. हळद त्यांची होती.

मंगळवारी शेतीपंपांची लाईट सकाळच्या पाळीला होती. बनुबाई खोरं घेऊन निघाल्या.

"मोटर आत्ताच लावा. मी पोचते तवर पानी येतंय," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दोन सऱ्या राहिल्या की बंदचा देते. येळेवर बंद करा. खाली हळद हाय."

"मला म्हायत हाय खाली काय हाय."

चार-पाचदा बोट टेकवल्यावर मोटरचा फोटो हलला आणि मोटर लागली. हवालदारांना बरं वाटलं.

शेवटच्या दोन सऱ्या राहिल्या तेव्हा बनुबाईंनी कमरेच्या पिशवीतून आपला बटणांचा फोन काढला आणि पहिला मिस कॉल दिला. त्या कापणार, एवढ्यात फोन उचलला गेला.

बनुबाई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी फोन कानाला लावला. आतून कपड्यांची घसपट ऐकू आली, मग धापा, मग कण्हल्याचा आवाज.

"आवं," त्या म्हणाल्या. "आवं, काय झालं?"

पुन्हा धाप. मग "आई गं" आणि काहीतरी आपटल्याचा आवाज.

बनुबाईंनी खोरं टाकलं आणि बांधावरून धावत सुटल्या.

घरी हवालदार खाटेवर आडवे होऊन गुडघ्याचा व्यायाम करत होते. डॉक्टरांनी सांगितलेला होता. पाय वर उचलायचा, धरायचा, सोडायचा. फोन सदऱ्याच्या खिशात होता. तो क्षणभर वाजला आणि थांबला, हे त्यांनी ऐकलं; त्यानंतरचा बारीक आवाज त्यांच्याच कण्हण्यात बुडाला. एकच वाजला, म्हणजे चालू करा. पण मोटर तर चालूच होती. ते दुसऱ्याची वाट बघत राहिले. लाईट जाऊन आली असेल असं समजून त्यांनी पेटीला पुन्हा फोन लावला असता तर मोटर बंद झाली असती आणि पुढचं काही घडलं नसतं. पण फोन लावायचा म्हणजे बोट लावायचं, आणि व्यायाम अर्धा राहिला होता. त्यांनी दुसरा पाय उचलला.

रस्त्यावर बनुबाईंना आकाराम मोटरसायकलवर भेटला. "ह्यास्नी कायतरी झालंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि मागे बसल्या. दारात उतरल्या तेव्हा उघड्या दारातून त्यांना नवरा दिसला. खाटेवर होता, एक पाय हवेत होता आणि चेहरा शांत होता.

"तू रान सोडून कशी आलीस?" हवालदारांनी विचारलं.

बनुबाई उंबऱ्यावर बसल्या.

"फोन उचललासा तुमी."

"मी न्हाई उचलला."

"उचललासा. कन्हत हुतासा."

"व्यायाम करतोय. कन्हू नको व्हय?"

"मग उचलला कुनी?"

हवालदारांच्या खिशातून बनुबाईंचाच आवाज आला, जरा मागाहून. "मग उचलला कुनी?" दोघांनी खिशाकडे पाहिलं. फोन अजून चालू होता. बनुबाईंच्या पिशवीतलाही.

"आपोआप," हवालदार म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला. "आनी पानी?"

बनुबाई उठल्या. "आकाराम, तू फुडं हो रं. हळदीच्या कडंला माती वड," असं त्यांनी दारातूनच सांगितलं आणि मोटरसायकल वळली. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "मोटर बंद करा."

हवालदारांनी फोन काढला. आधी चालू असलेला फोन बंद होणं भाग होतं. बनुबाईंनी आपल्याकडून तो कापला. मग मोटरचा फोटो आला. हवालदारांनी बोट टेकवलं. फोटो तसाच राहिला. त्यांनी बोट बदललं.

"आना हिकडं," बनुबाई म्हणाल्या. त्यांची बोटं चिखलाने भरलेली होती. त्यांनी ती पदराला पुसली, टेकवली, आणि काचेवर चिखलाचा एक पट्टा उमटला. पट्ट्याखालून फोनने हवामान सांगितलं.

"माझ्या फोनवरनं लावते."

"तुझा नंबर पेटीत न्हाई."

बनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "न्हाई ते म्हायत हाय मला. मी तितंच उभी हुते."

हवालदारांनी फोन सदऱ्याला पुसला आणि पुन्हा बोट लावलं. मग अंगठा. मग करंगळी.

"नाक लावा," बनुबाई म्हणाल्या.

"काय?"

"नाक. तितलं कातडं मऊ असतंय. लावा."

सैन्यातून सन्मानाने निवृत्त झालेल्या हवालदारांनी फोन तोंडासमोर धरला आणि नाक टेकवलं. फोनने त्यांच्या नाकपुड्यांचा फोटो काढला. बनुबाईंनी फोन त्यांच्या हातातून घेऊन मोटरचं चित्र समोर आणलं, कसं ते त्यांनाही कळलं नाही, आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"आता लावा."

नाक टेकलं. चित्र हललं. पेटीला फोन गेला आणि पेटीने तो कापला. मोटर बंद झाली.

ते रानात पोचले तेव्हा आकारामने हळदीच्या कडेला मातीचा बांध घातला होता. वरच्या अंगाची हळद कोरडी होती. खालच्या अंगाची पाण्यात होती आणि पाणी पिवळं झालं होतं. बनुबाई साडी खोचून त्या पाण्यात उतरल्या आणि हळद पाटीत भरू लागल्या. हवालदार काठी टेकून कडेला उभे राहिले. मग काठी टाकून खाली बसले आणि पाय लांब ठेवून त्यांनीही ओंजळी भरायला सुरुवात केली. हवालदारांच्या खिशात फोन वाजला, आपोआप उचलला गेला आणि त्यातून कुणीतरी हॅलो हॅलो करत राहिलं. कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी धैर्यशील आला. त्याने भिजलेलं कुडं मोडून पाहिलं. आतून ते काळपट होऊ लागलं होतं.

"मी सांगितलं होतं तात्या. आपोआप उचलला जाईल म्हणून."

"सांगितलंस," हवालदार म्हणाले. "मिस कॉलवर असतंय हे मीबी सांगितलं हुतं."

धैर्यशीलने फोन हातात घेतला. "काढून टाकतो ते."

"आदी वायरमनला बोलव," बनुबाई म्हणाल्या.

वायरमन दुपारी आला आणि सगळे नदीवर गेले. पेटी उघडून त्याने विचारलं, "काकूंचा दुसरा टाकू?"

"पयला टाक," बनुबाई म्हणाल्या.

हवालदार खाकरले. "हुकूम दोन तोंडांनी..."

"तुमचं तोंड काढायला सांगू का?"

वायरमन पेटीत डोकं घालून काम करत राहिला. त्याने दोन्ही नंबर टाकले, बनुबाईंचा पहिला. त्या गडबडीत फोनची आपोआप उचलायची सोय काढायची राहिली आणि धैर्यशील कराडला गेल्यावरच ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुढच्या पाळीला बनुबाई रानात गेल्या, सरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि स्वतःच्या फोनचं बटण दाबून धरलं. पाईपमधून हवा फसफसली आणि पाणी आलं. त्यांनी त्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग सवयीने घरी एक मिस कॉल दिला. तो उचलला गेला.

"बोल," हवालदार म्हणाले. या वेळी फोन त्यांनी कानाला लावला होता.

"मोटर लावली मी," बनुबाई म्हणाल्या.

"बरं."

"वरची हळद वाळली. खालची येगळी ठिवलीया. सांगलीला वरचीच न्यायची."

"मी येऊ संगं?"

"गुडघ्याचं बघा आदी. सौद्याला लय येळ उभं ऱ्हावं लागतंय."

"बरं."

पाणी पहिल्या सरीत निम्म्यावर आलं होतं. बनुबाईंनी खोरं उचललं.

"ठिवा मग," त्या म्हणाल्या.

"तूच ठेव. माझ्याकडनं ठिवला जात न्हाई."