उतावळ्या अक्षरांचा दिवा

मित्रांनो, अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या वाचनालयात घडीच्या खुर्च्या ठेवायची एक खोली आहे. तिथल्या खालच्या फळीवर धूळ खात बसलेला मी एक जुना प्रोजेक्टर आहे. बसलेला म्हणायचं इतकंच. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही. अजूनही दार करकरलं की वाटतं, निघाली आपली स्वारी!

सिनेमा दाखवायचं मोठं काम माझं नव्हतं. ते मागचं धिप्पाड यंत्र करायचं. मी फक्त पडद्याच्या खालच्या कडेवर इंग्रजी ओळी टाकायचो. २००२ साली ब्राझीलच्या सेलियाबाईंनी इथे महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी आपल्या देशातले सिनेमे दाखवायला सुरुवात केली. "ब्राझील म्हटलं की इथल्या लोकांना फुटबॉल आणि नाचगाणी आठवतात," त्या म्हणायच्या. "आमच्याकडेही माणसं भांडी घासतात, रुसतात, वाट बघतात, हे कोण दाखवणार?" पण त्यांना मिळणाऱ्या रिळांवर इंग्रजी ओळी नसायच्या. म्हणून मला आणलं.

प्रत्येक ओळीला एक बटण दाबावं लागे. सेलियाबाई सिनेमात इतक्या रमायच्या की बटणच विसरायच्या. तेव्हा त्यांची शेजारीण शोभना पुढे झाली. ती नागपूरची. नवऱ्याच्या व्हिसावर आल्यामुळे तिला नोकरी करता येत नव्हती आणि रिकामं बसणं तिच्या जिवावर यायचं. सेलियाबाईंच्या स्वयंपाकघरात बसून बसून ती पोर्तुगीज समजायला शिकली. मग दोघी मिळून ओळी लिहायच्या आणि संगणकात भरायच्या.

आमची जोडी नामी जमली, कारण दोघंही उतावळे. पुढची ओळ पोटात आली की माझी चुळबुळ सुरू आणि शोभनाचं बोट शिवशिवायला लागे. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत ओळ हजर! विनोद होण्याआधीच लोक हसून मोकळे व्हायचे आणि तो बिचारा बोलायचा तेव्हा सगळे गप्प. मध्यंतर झालं की लोक कोट उचलून घरी.

"आई, यू आर टू फास्ट!" नऊ वर्षांची इशिता एकदा म्हणाली. "सगळं आधीच कळतं. सो बोअरिंग!"

"शोभना, जरा होल्ड कर ना यार," तिच्या नवऱ्यानं, गिरीशनं री ओढली. "कोणी तुझ्या मागे लागलंय का?"

"अरे, एक ओळ मिस झाली तर लोकांना स्टोरी कशी कळणार?" शोभना फणकारली. मलाही ते अगदी पटलं होतं.

२००३च्या ऑक्टोबरात वाचनालयाच्या बाईंनी सेलियाबाईंना स्पष्टच सांगितलं. मागच्या वेळी चाळीस जणांपैकी अकराच शेवटपर्यंत बसले होते. या शनिवारीही तसंच झालं तर हा उपक्रम बंद. सेलियाबाई पत्रकांच्या घड्या घालत राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

त्या शनिवारच्या सिनेमात नदीकाठच्या गावातली एक म्हातारी होती आणि सात वर्षांनी परत येणारा तिचा मुलगा. मध्यंतराला कसेबसे तीस जण टिकले. मुलगा दाराशी पोचायच्या आतच शोभनाचं बोट बटणावर सटासट पडलं आणि आईच्या ओळी कोणाला वाचता येण्याआधीच मी त्या पडद्यावर फेकून मोकळा झालो! लोक नको तिथे हसले. दोघं जण उठलेसुद्धा. शोभना ओळी मागे-पुढे करायला गेली तर आणखीच गोंधळ झाला. शेवटी तिनं माझ्या भिंगावर तळहात धरला.

अंधार! मी आतून नुसता तडफडत होतो. अहो, ओळी आहेत माझ्याकडे, टाकू द्या! पण हात हलेना. पडद्यावर आईनं मुलाकडे पाहिलं, कॉफी ओतली, कप हातात घेतला, काहीतरी पुटपुटली आणि कॉफी परत भांड्यात ओतली. उठलेले दोघं उभ्यानंच बघत राहिले आणि हळूच खाली बसले. शोभनानं तोवर नेमकी ओळ शोधली होती. पण हात काढला तो मुलगा बोलायला लागल्यावरच. त्यानंतर एकही ओळ लवकर पडली नाही.

तीसच्या तीस जण शेवटपर्यंत बसले. शोभना सेलियाबाईंची माफी मागत होती, तेवढ्यात एक अमेरिकन आजोबा त्यांच्याकडे आले. ओळी बंद होत्या तेव्हा ती आई काय म्हणाली, असं त्यांनी विचारलं.

"कॉफी गार झाली, दुसरी करते, असं म्हणाली," सेलियाबाईंनी सांगितलं.

"मला तसंच वाटलं होतं," आजोबा म्हणाले. सेलियाबाईंनी शोभनाचा हात घट्ट धरला. दोघींचेही डोळे भरून आले होते.

उपक्रम आणखी पाच वर्षं चालला. पुढे ओळींसकटच्या डीव्हीडी तबकड्या आल्या आणि २००८मध्ये माझी रवानगी या फळीवर झाली. मित्रांनो, मला कधी बाहेर काढलंत तर भिंग मऊ फडक्यानं पुसा, पंख्यातली धूळ झटका. आणि परक्या भाषेतला सिनेमा बघताना माझ्यासारख्यानं टाकलेली ओळ वाचून झाली की लगेच वर बघा. तिथे कोणीतरी तुमच्याशी बोलत असतं.