तपकिरी स्पंजाची ताकीद

मित्रांनो, मी एक जुना, तपकिरी, बुळबुळीत स्पंज आहे आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही. दातांच्या एका दवाखान्यात, रुग्ण जिथे ताटकळत बसतात त्या खोलीत, भिंतीला लागून माशांची चार फुटी टाकी आहे. तिच्या कोपऱ्यातल्या फिल्टरमध्ये माझा मुक्काम असतो. छोटी मोटार टाकीतले पाणी ओढते आणि दिवसरात्र माझ्यातून पुढे ढकलते. भिंतीवरच्या पांढऱ्याशुभ्र दातांच्या चित्राकडे सगळे कौतुकाने बघतात आणि माझ्याकडे बघून नाक मुरडतात. मुरडा! नाक तुमचे आहे, माझी परवानगी कशाला हवी?

कधी काळी मीही निळाशार होतो. कारखान्यात फेस फुगवून केलेल्या मोठ्या लादीतून मला कापले, पोटात आरपार भोक पाडले आणि पिशवीत बंद केले. डॉक्टरबाईंच्या सासऱ्यांनी मला दुकानातून आणले. येणारे-जाणारे सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. तेव्हा मी दिसायला देखणा आणि कामाला शून्य होतो. आजोबांना ते ठाऊक होते. त्यांनी टाकीत पाणवनस्पती लावल्या, दोनच मासे सोडले आणि दीड महिना वाट पाहिली. कोणी विचारले की म्हणायचे, "थांबा हो, अजून स्पंजात वस्ती झालेली नाही."

वस्ती कोणाची, ते ऐका. मासे खातात आणि घाण करतात. उरलेले खाणे तळाशी कुजते. त्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया म्हणजे माशांना विष. पण डोळ्यांना न दिसणारे काही जीवाणू असे आहेत की हेच विष त्यांचे जेवण आहे. ते माझ्या भोकाभोकांत बिऱ्हाड करून राहिले. ते अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग माझ्यातच राहणारे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते माशांना फारसे बाधत नाही आणि वनस्पतींना तर ते खतच. वनस्पती उजेडात वाढतात आणि पाण्यात प्राणवायू सोडतात. तो मासेही घेतात आणि माझे भाडेकरूही घेतात. काचेवर शेवाळ चढले की गोगलगाई ते खरवडून खातात. एकाने टाकलेले दुसऱ्याने उचलायचे, अशी आमची रीत आहे. रानात आणि तळ्यात हेच चालते. आम्ही ते चार फुटांत चालवत होतो.

हळूहळू मासे नऊ झाले. कोणी हौसेने दहावा मासा घेऊन आले तर आजोबा तो परत करत. "एवढ्या पाण्यात एवढेच. त्यापुढे माझ्या स्पंजाला झेपणार नाही," असे ते सांगत. माझा स्पंज! एवढा मान मला दुसऱ्या कोणीही दिलेला नाही. नऊ माशांत सर्वांत जुनी होती नारिंगी रंगाची थोरली. आजी वारल्या त्या वर्षी आजोबांनी तिला आणले होते. रोज सकाळी ते टाकीपुढे खुर्ची ओढत आणि पायाच्या दुखण्यापासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळे तिला सांगत. ती काचेला तोंड लावून ऐकत राही.

मग आजोबा दहा दिवसांसाठी लेकीकडे गेले. डॉक्टरबाई मायाळू आहेत, हे मी आधीच सांगतो. पण त्यांचे सारे आयुष्य जंतूंशी भांडण्यात गेले आहे. दिवसातून पन्नास वेळा हात धुणाऱ्या बाई त्या! सासऱ्यांना खूश करायचे म्हणून रविवारी त्यांनी पदर खोचला.

"बाबा आले की टाकी कशी आरशासारखी दिसली पाहिजे," त्या साफसफाईच्या मावशींना म्हणाल्या.

मावशींनी मला दोन बोटांत धरले. "आजोबा तर हे नुसतं टाकीच्याच पाण्यात पिळून परत ठेवतात, बाई."

"म्हणून तर ही दशा झालीये! जंतूंचं माहेरघर आहे नुसतं."

आहेच! तेच तर माझे काम आहे! पण माझे ऐकतो कोण?

त्यांनी मासे बादलीत काढून ठेवले आणि टाकीतले सगळे पाणी काढले. तळाची वाळू उकळत्या पाण्याने धुतली. वनस्पती आणि गोगलगाई कचऱ्यात गेल्या आणि त्यांच्या जागी हिरवीगार प्लॅस्टिकची झाडे आली. मला त्यांनी साबणाने घासले नाही, कारण माशांना साबण चालत नाही एवढे त्यांना माहीत होते. त्यांनी मला दाताची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या यंत्रात घातले. दाढ उपटायच्या चिमट्याशेजारी मी पडलो, झाकण बंद झाले आणि कोंडलेली वाफ माझ्यात शिरली. एकही भाडेकरू वाचला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

मी बाहेर आलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "अगं बाई, हा निळा होता होय!"

दोन दिवस टाकीचे फार कौतुक झाले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागले. मासे वर येऊन तोंडे उघडी टाकू लागले. डॉक्टरबाईंना वाटले, भुकेले असतील. त्यांनी आणखी खाणे घातले आणि विषात भरच पडली. पाणी माझ्यातून तसेच जात होते, जसेच्या तसे बाहेर पडत होते. मला सगळे कळत होते आणि माझ्याकडे काम करायला कोणी नव्हते. मित्रांनो, त्या दिवसांइतका राग मला कधी आला नाही आणि इतके रडूही. गुरुवारपर्यंत चार मासे मेले. थोरली कोपऱ्यात एका कुशीवर पडून राहिली.

डॉक्टरबाईंनी सासऱ्यांना फोन लावला. तो टाकीशेजारच्या टेबलावर ठेवला होता, म्हणून दोन्हीकडचे बोलणे मला ऐकू आले.

"स्पंज धुतलास का?" आजोबांनी विचारले.

"हो, बाबा."

"कशात?"

बाई हळूच म्हणाल्या, "यंत्रात."

आजोबा भराभर म्हणाले, "खाणं बंद कर. थोडं पाणी काढ आणि पिंपातलं शिळं पाणी घाल, नळाचं ताजं नको, त्यात क्लोरीन असतं. आणि घाण शोध. जुन्या टाकीतली, मुरलेली. पळ!"

दोन दुकाने सोडून एका शिंप्याचे दुकान आहे. त्याच्याकडे जुनी, शेवाळलेली टाकी आहे आणि तिला बाई नेहमी नावे ठेवत. बाई मला एका वाटीत घेऊन तिथे गेल्या. तोंडावरचा मास्क काढायचेही त्यांना सुचले नव्हते.

"दादा, तुमच्या टाकीतली थोडी घाण द्याल का?"

शिंपी मापाची पट्टी गळ्यात टाकून बघतच राहिला. "डॉक्टरबाई, दात काढायचं सोडून हे काय काढलंत?"

बाईंनी सगळे खरे सांगितले. काही लपवले नाही. शिंप्याची थट्टा तिथेच थांबली. त्याने आपला काळपट स्पंज बाहेर काढला, कापडाच्या कात्रीने मधोमध कापला आणि अर्धा माझ्या अंगाला दोऱ्याने बांधला. वर वनस्पतीची एक फांदी आणि दोन गोगलगाई दिल्या. म्हणाला, "स्पंज वाळू देऊ नका, बाई. वाळला की मेला."

ती वाटी बाईंनी दोन्ही हातांनी धरून आणली. हातमोजे न घालता! त्या अर्ध्या स्पंजातले जीवाणू लगेच कामाला लागले आणि त्यातले काही माझ्या रिकाम्या भोकांत उतरले. बाई रोज थोडे थोडे पाणी बदलत राहिल्या. शनिवारी थोरली सरळ झाली. तिचा एक पर झडला तो झडलाच.

आजोबा आले तेव्हा टाकी आरशासारखी नव्हती. बाई दारातच म्हणाल्या, "चार गेले, बाबा. माझ्या हातून गेले." आजोबांनी खुर्ची ओढली आणि ते थोरलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "रागावून ते परत येणार आहेत थोडेच? उद्यापासून स्पंज तू पिळायचास."

आता बाईच मला पिळतात, टाकीच्याच पाण्यात, एका वेळी दोनदाच. मी पुन्हा तपकिरी झालो आहे, पुन्हा बुळबुळीत झालो आहे, आणि ताठ मानेने सांगतो आहे. आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी हात जोडून विनंती करायची असते म्हणे. मी करणार नाही. मी बजावतो. टाकी असो, तळे असो की अंगणातला पाचोळा, "ही घाण कशाला हवी?" असे म्हणून हात उचललात तर आधी विचारा, तिच्यात कोण राहते आणि त्यांच्या जिवावर कोण जगते. आणि उत्तर सापडेपर्यंत हात खाली ठेवा.