बटणांच्या डब्यातलं सॉव्हरिन

मी निवृत्त औषधविक्रेता. वजनात केसाचाही फरक खपवून न घेणारा माणूस. निदान माझी तशी समजूत होती. जुनी इंग्रजी सोन्याची नाणी जमवायची, हा एकच नाद. राणीच्या तरुणपणीचा चेहरा असलेली सॉव्हरिनं मी तबकात सालवार लावली आहेत. त्यात एकच खण रिकामा होता, आणि तो रोज मला वाकुल्या दाखवायचा.

ताई माझ्या कोटाला बटण लावायला आली. तिनं आपला बटणांचा डबा टेबलावर उपडा केला आणि बटणांबरोबर आईचं नाणं बाहेर पडलं, पदकाच्या चौकटीसकट.

चाळीस वर्षांपूर्वी, नवा तराजू घेतल्याच्या तोऱ्यात मी ते चौकटीतून काढून तोललं होतं. पाव ग्रॅम कमी भरलं. "खोटं आहे," मी ताईच्या तोंडावर सांगून टाकलं. आईनं तिला दिलेली ती एकच वस्तू. त्या दिवसापासून ताईनं ते गळ्यात घातलं नाही.

या वेळी मी भिंग लावलं. राणीच्या केसांची फीत, साल, टाकसाळीची खूण, सगळं जागच्या जागी, फक्त गुळगुळीत. मग घनता काढायला दोऱ्यानं टांगून पाण्यात तोललं. सोनं अस्सल बावीस कॅरट. आणि साल? नेमकं माझ्या रिकाम्या खणाचं!

"ताई, हे खरं आहे गं."

"मग वजन कमी का भरलं होतं?"

"झिजलंय. कुणीतरी घासून घासून..."

"कुणीतरी?" सुईत दोरा ओवता ओवता ताई हसायला लागली. "लहानपणी दर रविवारी दंतमंजन घेऊन हे घासत कोण बसायचं? आई ओरडायची, पुरे कर रे, राणीचं नाक जाईल!"

सोनं घासून घालवलं मी, आणि खोटं ठरवलं आईचं नाणं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो गं ताई."

"असू दे. तुझी नजर सारखी तबकाकडे जातेय, कळत नाही का मला? घे, ठेव त्या खणात."

हात पुढे झालाच होता. तो मी आवरला.

"असली झिजलेली नाणी मी नाही ठेवत," म्हणालो, आणि नाणं चौकटीत बसवून तिच्या गळ्यातल्या साखळीत ओवलं.

ताईनं आरशात पाहिलं. "खोटं बोलायला अजून जमत नाही तुला," ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ नाण्यावर हात ठेवून बसून राहिली.

कोटाचं बटण अजून लागलेलं नाही, खणही रिकामाच आहे, आणि मी मजेत आहे.