वर्दी कापताना

मी एक जुनी कात्री आहे. शिंप्याची नव्हे हं, मित्रांनो! सांगलीच्या एका इस्पितळातल्या अपघात विभागात मी जखमींचे कपडे कापते. कातडीला लागू नये म्हणून माझं एक टोक मुद्दाम चपटं घडवलंय. नवी होते तेव्हा काय कौतुक व्हायचं माझं! आता शिकाऊ डॉक्टर मला घेऊन बिस्किटांचे पुडे उघडतात. असा संताप येतो म्हणून सांगू!

परवा भरदुपारी कुंडल गावाहून शिवतेजला आणलं. सुट्टीवर नुकताच गावी उतरलेला जवान, अंगात वर्दी तशीच. बांधाच्या भांडणात चुलतभाऊ त्याच्या आईवर, मनुबाईवर, कोयता घेऊन धावला आणि हा मध्ये पडला. दंड हाडापर्यंत उघडा. रक्ताने फरशी निसरडी झाली होती.

शिकाऊ डॉक्टर राजनंदिनीने मला उचललं. तोच मनुबाईने तिचा हात धरला. “वर्दी कापू नगा बाई! लय कष्टानं मिळवलीया त्यानं!”

राजनंदिनी फौजीची लेक. तिच्या घरी वडिलांची वर्दी देवासारखी जपलेली. तिने मला खाली ठेवलं आणि कोयत्याने फाटलेल्या बाहीवरूनच दंड आवळून बांधला. मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती!

दंडाचं रक्त थांबलं, तरी शिवतेज पांढराफटक पडत गेला. ओठ निळे झाले. तेवढ्यात वरिष्ठ डॉक्टर अर्फा मॅडम धावत आल्या.

“पाठ बघितलीस?”

“मॅडम, वर्दी…”

“मग याच वर्दीत सरणावर ठेवायचा का त्याला? काप!”

राजनंदिनीने मला कचकन दाबलं. ते जाड कापड मी कॉलरपासून कमरेपर्यंत चराचरा कापत गेले. मग त्याला कुशीवर वळवलं. बरगड्यांत सुरीचं भोक होतं, अन् दर श्वासाला त्यातून रक्ताचे बुडबुडे फुटत होते. कोयत्याच्या गोंधळात मागून कुणीतरी भोसकलं होतं. आईलाही ते कळलं नव्हतं.

मॅडमनी राजनंदिनीच्याच हातून त्याच्या छातीत नळी घालून घेतली. आत साचलेलं रक्त भळाभळा बाहेर आलं. शिवतेज गुरासारखा ओरडला, आणि मग हळूहळू त्याचा श्वास सुरळीत झाला. वाचला गडी!

राजनंदिनीने वर्दीचे तुकडे बाहेर नेऊन मनुबाईच्या ओटीत ठेवले आणि त्यांच्याखाली लपलेली जखम सांगितली. तेव्हा ती माउली ढसाढसा रडली. “कोयता त्येनं उगारला, पर जीव मीच घेत व्हते की गं माझ्या पोराचा!”

मित्रांनो, तुमचं माणूस असं रक्तात आलं, तर कापड किती का मोलाचं असेना, ते आम्ही कापणारच. तुम्ही फक्त डॉक्टरचा हात सोडा.