वास्तूला ऐकू जाऊ नये म्हणून

"आजारपणाचं, नोकरी जाण्याचं घरात बोलायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते," असा दम देऊन सासूबाईंनी विमा एजंटला सरळ गॅलरीत उभं केलं. काळाचौकीतल्या चाळीची गॅलरी ती! तिथल्या गोंगाटात माझा नवरा हितेंद्र ओरडून विचारत होता, "नोकरी गेली तर घर कसं चालणार? आजारी पडलो तर पगार कोण देणार?" वास्तूचं माहीत नाही, चाळीने मात्र सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शेजारच्या चंपाकाकू दारात. चार घरची धुणीभांडी करून एकटी राहणारी बाई. हातात डबा, बांगड्याचं तिखलं आणि भाकऱ्या. हितेंद्रच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "नोकरी मिळेल रे दुसरी. तोवर मी आहे ना."

तो खरं सांगणार, तेवढ्यात सासूबाईंनी त्याला चिमटा काढला. "पहाटे उठून केलंय तिने. आधी खा, मग सांग."

त्याने खाल्लं, मग सांगितलं. काकू डोळे पुसत हसल्या आणि कामावर गेल्या.

सासूबाई तो रिकामा डबा घासायला बसल्या. मग घरातच, मोठ्याने म्हणाल्या, "घे बाबा ती पॉलिसी. नोकरीची घे, आजारपणाचीही घे. खरंच वेळ आली, तर ही बाई स्वतः उपाशी राहील आणि डबा इथे आणेल."