गोऱ्ह्याच्या जोडीनं जन्मलेली हरणी

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. भोरजवळच्या उत्रोलीत चिमाजींच्या गोठ्यात, दारापासच्या पहिल्या खुंट्याला मी बांधलेली असते. माझं नाव हरणी. माझं आता वय झालं, पण मी एकदाही व्याले नाही, आणि या घराला दुधाचा थेंबही दिला नाही. तरीही मी इथे आहे. ते कसं, हेच तुम्हाला सांगायचं आहे. पण आधीच सांगून ठेवते, मी जन्माची भित्री. कुत्रं भुंकलं तरी मी दावं ताणते. त्यामुळे माझ्या गोष्टीत शौर्य शोधाल तर हाती काही लागणार नाही.

मी एकटी जन्मले नाही. आधी माझा भाऊ आला, आणि तो धडपडत उभा राहतो न राहतो तोच मी. त्याचं नाव हरण्या ठेवलं. चिमाजींच्या बायकोने, फुलाबाईंनी, आम्हा दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या घरात आधीपासूनच एक जोडी होती, त्यांची मुलं रत्ना आणि गोरख. ती दोघं जुळी आहेत हे नव्या माणसाला पटायचंच नाही. रत्ना सावळी, उभट चेहऱ्याची, मोजकं बोलणारी. गोरख गोरा, गुबगुबीत आणि तोंडाचा पट्टा कायम सुरू. आम्ही जन्मलो तेव्हा शेजारणी हसून म्हणाल्या, "फुलाबाई, तुमच्या घरात समदं जोडीनंच येतंय!" सगळं घर खूश होतं. तेव्हा कुणाला माहीत होतं, की हेच कौतुक पुढे अंगाशी येणार आहे!

हरण्या मोठा झाला आणि भाताच्या खाचरात चिखलणी करू लागला. मी मात्र खाऊनपिऊन नुसती आडवी वाढत होते. माझ्या वयाच्या कालवडी गाभण राहिल्या, व्याल्या, त्यांच्या दुधाच्या किटल्या डेअरीवर जाऊ लागल्या. माझ्याकडे बघून चिमाजी रोज थोडे गप्प होत गेले. शेवटी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. माधुरी मॅडम आल्या. त्यांनी मला तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "काका, हिच्याबरोबर दुसरं वासरू झालं होतं का? गोऱ्हा?"

"व्हय की. त्यो काय, पलीकडं हुबा हाय."

"मग ही गाभण राहायची नाही. गोऱ्ह्याच्या जोडीनं जन्मलेली कालवड बहुतेक वांझच निघते."

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. कुठेतरी गाय अडली होती. त्या गाडीला किक मारून निघून गेल्या आणि ते वाक्य गोठ्यातच राहिलं. माझं दावं रत्नाच्या हातात होतं. तिने ते मुठीत एकदम आवळून धरलं. मला वाटलं, माझ्यासाठीच भ्यायली बिचारी. पण ती भीती माझ्यासाठी नव्हती.

त्याच महिन्यात रत्नाला पानशेतचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं चांगली, आणि मुख्य म्हणजे रत्नाला तो मनापासून आवडला होता. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. संध्याकाळी ती वैरण टाकायला आली आणि माझ्या मानेवर डोकं टेकून रडू लागली.

"हरणे, तू हरण्यासंगं आलीस, मी गोरखसंगं. म्हंजी आपलं दोघींचं एकच की गं. मला बी मूल व्हायचं न्हाई. ठावं असून मी त्या माणसांस्नी कशी फसवू? मी न्हाईच म्हणून सांगते."

मित्रांनो, आम्हा जनावरांना बोलता येत नाही याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र वाटलं. तिचा जीव किती तुटतोय हे दिसत होतं, आणि मी नुसती तिचा हात चाटत राहिले.

गंमत अशी, की त्या घरात गोरख सोडून प्रत्येकजण एकट्याने भीत होता. दुसऱ्या दिवशी धार काढता काढता फुलाबाई हळूच म्हणाल्या, "अवो, मॅडम म्हणल्या ते आपल्या पोरीला बी लागू पडंल का?"

चिमाजींच्या हातातली पेंढी खाली पडली. "गप ऱ्हा. ह्ये कुठं बोलू नगंस. पावण्यांच्या कानावर गेलं म्हंजी सोयरीक मोडली समज." मग माझ्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "आन् ही दारात हाय तवर लोकांस्नी आठवण ऱ्हाणार. बाजाराच्या दिवशी टेम्पो बोलावतो. हिला घालवून टाकू."

आमच्या आळीतून टेम्पोत चढलेलं एकही जनावर मी परत आलेलं पाहिलं नव्हतं. रस्त्यावर हॉर्न वाजला की माझ्या अंगावर काटा यायचा. रत्ना इकडे जेवत नव्हती, मी तिकडे. गोरख तेवढा हसायचा, "दोघींनी उपास धरलाय का काय?" त्याला कशाचाच पत्ता नव्हता.

पण नशिबाने हरण्याचा खांदा जुवाने सुजला आणि मॅडमना परत यावं लागलं. औषध लावून त्या निघाल्या, तशी रत्ना गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, मी बी भावासंगं जन्मलीय. मग माझं काय?"

मॅडम आधी गोंधळल्या. मग त्यांना कळलं, आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अगं बाई! त्या दिवशी मी अर्धंच सांगून गेले. बस इथं. काका, मावशी, तुम्हीही ऐका."

त्या सांगू लागल्या. "आईच्या पोटात साधारण दर महिन्याला एक बीज पिकतं. कधी एकाच वेळी दोन पिकतात. दोन्ही फळली तर दोन वेगळे गर्भ वाढतात. ही जुळी म्हणजे एका वेळी पोटात राहिलेली साधी भावंडं. एक मुलगा, एक मुलगी असू शकतात, तोंडावळाही वेगळा. रत्ना, तू आणि तुझा भाऊ असे आहात. कधी कधी मात्र एकच बीज फळतं आणि अगदी सुरुवातीलाच दुभंगून त्याचे दोन गर्भ होतात. ती जुळी एका साच्यातली. दोन्ही मुली नाहीतर दोन्ही मुलगे, आईलाही ओळखताना चुकायला होतं."

"आन् हरणी?" रत्नाने विचारलं.

"हरणी आणि हरण्याही दोन बीजांचेच. फरक आहे तो वारेचा. बाळाला आईकडून पोषण मिळतं ते वारेतून." मॅडमनी बाहेर बोट दाखवलं. "ती दोन खाचरं बघ. मधला बांध फुटला तर काय होईल?"

"ह्याचं पाणी त्याच्यात जाईल," चिमाजी म्हणाले.

"गाईच्या पोटात तसंच होतं. एका वासराची वार दुसऱ्याच्या वारेला जुळते, रक्त एकमेकांत मिसळतं. गोऱ्ह्याच्या अंगातलं नरपण कालवडीच्या अंगात उतरतं आणि तिचं गर्भाशय नीट घडतच नाही. माणसाच्या पोटात दोन बीजांच्या जुळ्यांमधला हा बांध टिकतो. एकाची वार दुसऱ्याच्या वारेला चिकटली तरी रक्त ज्याचं त्याचं राहतं. मूल होण्या न होण्याला पुढे शंभर कारणं असतील, रत्ना, पण तू भावाबरोबर जन्मलीस हे त्यातलं कारण नाही."

फुलाबाई पदरात तोंड घालून रडल्या. रत्ना हसतही होती आणि रडतही होती. मॅडमना साखर घातलेला चहा दोनदा पाजला गेला. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू? पण त्या आनंदात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिची भीती खोटी निघाली होती, आणि माझी खरी ठरली होती. माझा बांध फुटलेलाच होता.

बाजाराचा दिवस उजाडला. टेम्पो दाराशी लागला. व्यापाऱ्याने फळी लावली, तिला आधी गेलेल्या जनावरांच्या शेणाचा वास होता. माझे पाय जमिनीला खिळले. मागून शेपटी पिळली, पुढून दावं ओढलं. गोठ्यात हरण्या हंबरत होता. एक खूर फळीवर पडला आणि मी डोळे मिटले.

पण पुढची ओढ थांबली. डोळे उघडले तर रत्ना फळीवर उभी होती.

"सर बाजूला, पोरी," चिमाजी म्हणाले. "ती वांझ हाय. तिला ठिवून काय करायचं?"

रत्ना आवाज न चढवता म्हणाली, "आबा, मॅडम म्हणल्या त्याच्या उलटं निघालं असतं, तर माझ्यासाठी बी टेम्पो बोलावला असता का?"

चिमाजींच्या हातातलं दावं सैल पडलं. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, मॅडमनी मला तपासलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. व्यापारी म्हणाला, "चला की वो, उशीर होतोय." चिमाजींनी खाली वाकून स्वतःच्या हाताने फळी काढली आणि टेम्पोत ढकलून दिली.

रत्ना लग्न होऊन पानशेतला गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. ती एसटीने माहेरी येते तेव्हा घरात जायच्या आधी गोठ्यात येते. तुम्ही विचाराल, हरणे, तिला मूलबाळ झालं का? मित्रांनो, ते मी तुम्हाला सांगणार नाही. उत्तर कळलं की तुम्ही हायसं वाटून घ्याल नाहीतर हळहळाल, आणि दोन्ही वेळा तिचं मोल मुलावरूनच ठरवाल. ती माझी रत्ना आहे, एवढं पुरे.

तुमच्याही गोठ्यात, घरात, शेजारात माझ्यासारखं कुणी असेल. त्याने काय दिलं याचा हिशेब मांडण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांत बघा. रस्त्यावर हॉर्न वाजला की मी अजूनही थरथरते. मग आता म्हातारे झालेले चिमाजी काठी टेकत येतात आणि टेम्पो निघून जाईपर्यंत माझ्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात.