गोजरबाईंचा पहिला पेपर

गोजरबाईंनी शेवटची काडी बसवली आणि शरयूकडे पाहिलं. नमुन्यातलं घर काडेपेटीच्या काड्यांनी हुबेहूब जमलं होतं. धावडा गावच्या शाळेत लेकरांच्या बाकावर अवघडून बसलेल्या गोजरबाईंना आनंद मावेना. सत्तराव्या वर्षी आयुष्यातला पहिला पेपर, तोही तोंडी! त्यासाठी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या.

शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायला शरयू शहरातून आली होती. गोजरबाईंच्या थोरल्या लेकानं, तातेरावानं, संधी साधली. आई हल्ली विसरते, हे त्याचं पालुपद. पास झाली तर तिनं खुशाल मळ्यात गायींपाशी एकटीनं राहावं, नाहीतर मुकाट्यानं जालन्याला त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत यावं. गोजरबाईंना जिने बघूनच धडकी भरायची.

वार, तिथी, बाजाराचा दिवस, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. आता एकच प्रश्न राहिला होता आणि पास व्हायला एकच मार्क हवा होता. सुरुवातीला ऐकवलेलं एका माणसाचं नाव आणि पत्ता आठवून सांगायचा होता, पूर्ण.

"अंबड. माळी गल्ली. बारा लंबर," गोजरबाई झरझर म्हणाल्या.

"आणि नाव?"

गोजरबाईंनी पदर दातांत धरला. शरयूनं पुन्हा विचारलं. त्या खाली बघत राहिल्या.

"मी म्हन्लं न्हाई का, विसरून राह्यली माय," तातेराव म्हणाला.

शरयूला वाईट वाटलं. फुली मारायला तिनं कागद ओढला आणि थबकली. कागदाच्या डोक्यावर तातेरावानंच सांगितलेलं नाव होतं, गोजरबाई रामकिसन. पत्त्यातला माणूसही रामकिसनच होता. नवऱ्याचं नाव या बाई घेतील कशा? तिला स्वतःच्याच बावळटपणाचं हसू आलं.

"आजी, उखाण्यात घ्या की."

गोजरबाई चमकल्या. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती. त्यानंतर उखाणा घ्या, असं त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा खाकरला.

"अंबडात माळी गल्ली, बारा लंबरचं दार,
रामकिसनरावांचं नाव घेते, करा माझा पेपर पार."

दाराशी जमलेल्या बायांनी टाळ्या पिटल्या. शरयूनं घाईघाईनं मार्क दिला, न जाणो कुणी हरकत घेईल. गोजरबाई लाजून लालेलाल झाल्या होत्या.

तातेराव जालन्याचं काही बोलला नाही. तो आईच्या बाकापाशी खाली बसला.

"माय," तो हळूच म्हणाला, "अजून एकदा घे ना."